घरातील माश्या : ओळख आणि बंदोबस्त



'प्रथमग्रासे मक्षिकापातः' ही उक्ती आपण सर्वांनी ऐकलेली आहे. एखाद्या कार्याच्या आरंभीच विघ्न आले, म्हणजे आपण ती सहज उच्चारतो. परंतु ज्या प्रसंगावरून ती निघाली, तो प्रसंग आपल्या घरांतून रोज घडत असतो आणि त्याचे आपल्याला काहीच वाटेनासे झाले आहे. पानावर माशी बसते, आपण हाताने ती वारतो आणि पुढचा घास घेतो. या नित्याच्या घटनेकडे आज थोडे बारकाईने पाहावे, असा माझा विचार आहे.

घरात उडणाऱ्या लहानमोठ्या कीटकांना आपण सरसकट 'माशी' म्हणतो. शास्त्रदृष्ट्या खरी माशी ती, जिला पंखांची एकच जोडी असते. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असल्यामुळे, नावात माशी असूनही ती या गणात येत नाही. उलट डास मात्र याच गणातला आहे. माशीच्या मागच्या पंखांचे रूपांतर दोन बारीक, टोकाशी गाठ असलेल्या दांड्यांत झालेले असते. उडताना तोल सांभाळण्याचे काम त्या करतात. म्हणूनच माशी हवेतल्या हवेत वळते आणि आपल्या हाती लागत नाही.

या गणातील कीटकांच्या लाखाहून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांपैकी आपल्या घराशी संबंध येतो तो मोजक्यांचा. या मोजक्या माश्यांचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्यांची अंडी घालण्याची ठिकाणे वेगवेगळी असतात. त्यामुळे घरात कोणती माशी आली आहे हे ओळखता आले, की घाण कोठे साचली आहे हेही सांगता येते. आजच्या विवेचनाचे सूत्र हेच आहे.

प्रथम घरमाशीचा विचार करू. 'मस्का डोमेस्टिका' हे तिचे शास्त्रीय नाव. लांबी सुमारे सहा-सात मिलिमीटर, रंग करडा आणि पाठीवर चार काळसर उभे पट्टे, ही तिची ओळख. मादी एका वेळी शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि आयुष्यात असे चार-पाच वेळा करते. शेण, लीद, कोंबड्यांची विष्ठा, उकिरडा, कुजणारे खरकटे, मानवी मल या तिच्या पसंतीच्या जागा होत. उन्हाळ्यात एका दिवसाच्या आत अंड्यांतून पांढऱ्या अळ्या बाहेर पडतात. चार-पाच दिवस खाऊन त्या पुष्ट होतात आणि मग ओली जागा सोडून आसपासच्या कोरड्या मातीत शिरून कोश करतात. आणखी चार-पाच दिवसांनी कोशातून माशी बाहेर येते. म्हणजे अंड्यापासून माशीपर्यंतचा सारा प्रवास आपल्या हवामानात आठ-दहा दिवसांत पुरा होतो. हा हिशेब लक्षात असू द्यावा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

घरमाशी चावत नाही. चावता येईल असे मुखच तिला नाही. तिची सोंड स्पंजासारखी असून तिला केवळ द्रव पदार्थ शोषता येतात. मग साखरेचा कण किंवा भाकरीचा तुकडा ती कसा खाते? पोटातील द्रव ती त्यावर ओकते, त्यात तो पदार्थ विरघळवते आणि मग शोषून घेते. हे करीत असताना ती विष्ठाही टाकते. शिवाय चव घेण्याची इंद्रिये तिच्या पायांतही असल्यामुळे प्रत्येक पदार्थावर चालून पाहिल्यावाचून तिला राहवत नाही. उघड्यावरील मलावरून उठलेली माशी दुधाच्या भांड्यावर बसते तेव्हा काय घडते, ते निराळे सांगावयास नको. तिच्या अंगावरील केसांना चिकटलेले जंतू लवकर मरतात; पण पोटात गेलेले जंतू अधिक काळ जिवंत राहून तिच्या ओकारीतून व विष्ठेतून बाहेर पडत असतात. अतिसार, हगवण, पटकी, विषमज्वर हे रोग पसरण्याला माशीचा अशा रीतीने हातभार लागतो.

हे रोग दूषित पाण्यातून आणि अस्वच्छ हातांतूनही पसरतात. मग त्यांत माशीचा वाटा कितीसा, अशी शंका कोणी घेईल. ती रास्त आहे. पाकिस्तानातील काही खेड्यांत या प्रश्नाचा प्रत्यक्ष शोध घेण्यात आला. काही गावांत माश्यांचा बंदोबस्त केला आणि काही गावे तुलनेसाठी तशीच ठेवली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, बंदोबस्त केलेल्या गावांतील लहान मुलांत अतिसाराचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी आढळले. अतिसाराने ज्यांच्या घरातले मूल दगावले आहे, त्यांना या आकड्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

घरमाशीची एक बहीण 'बाजारमाशी' या नावाने ओळखली जाते. हिच्या पाठीवर दोनच ठळक पट्टे असतात. ती घरात क्वचित शिरते. परंतु अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या डोळ्यांभोवती आणि जखमांवर घोंगावते. जमिनीवर उघडा पडलेला मानवी मल ही तिची मुख्य जन्मभूमी. डोळ्यांच्या खुपऱ्या पसरवण्यात तिचा हात आहे. या रोगाने आपल्या देशात असंख्यांची दृष्टी नेली. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून त्याचे भारतातून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली मान्य केले, ही समाधानाची गोष्ट होय.

चकचकीत हिरवी किंवा निळी, मोठ्याने गुणगुणणारी माशी स्वयंपाकघरात शिरली, तर मांस-मासळीचे अवशेष वा मेलेला उंदीर जवळपास आहे असे खुशाल समजावे. तिच्याच नात्यातील करडी, पोटावर बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी असलेली मांसमाशी अंडी न घालता थेट जिवंत अळ्याच टाकते. गुरांच्या उघड्या जखमांत ज्या अळ्या पडतात, त्या या माश्यांच्या आप्तांच्याच. तथापि न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे, की मृत प्राण्यांची विल्हेवाट लावण्यात या माश्यांचा मोठा वाटा आहे आणि आंब्याच्या मोहोराचे परागीभवनही बऱ्याच अंशी माश्याच करतात.

पिकल्या केळ्यांवर घिरट्या घालणारी, तांबड्या डोळ्यांची इवलीशी चिलटे सर्वांच्या परिचयाची आहेत. फळ आंबू लागले, की त्यावर वाढणाऱ्या किण्वावर त्यांच्या अळ्या पोसतात. बागेतील आंबे आणि वेलींवरील कारली-दोडकी किडवणारी फळमाशी निराळी. दोहोंची गल्लत करू नये. न्हाणीघराच्या भिंतीवर स्वस्थ बसलेली, पतंगासारखे केसाळ पंख असलेली काळसर माशी मोरीच्या नळीत साचलेल्या बुळबुळीत थरात जन्मते. ही दोन्ही फारशी घातक नाहीत. फळे झाकून ठेवणे आणि मोरीची नळी ब्रशाने घासून काढणे, एवढे त्यांना पुरते.

गोठा घराला लागून असेल, तर घरमाशीसारखीच दिसणारी एक माशी पायांना कडकडून चावते. तिची सोंड सुईसारखी पुढे आलेली असते. मूत्र आणि शेण यांनी भिजलेल्या गवतकाडीत ती वाढते.

सर्वांत लहान आणि तरीही सर्वांत गंभीर म्हणावी ती वाळूमाशी. जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची ही माशी रात्री उड्या मारल्यासारखी उडते. मातीच्या भिंतींच्या भेगा आणि गोठ्यातील ओलसर जमीन ही तिची निवासस्थाने. बिहार, बंगाल, आसाम या भागांत काळा आजार तिच्याच दंशाने पसरला. स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी १९४२ साली ते प्रयोगाने सिद्ध केले. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचे नाव ज्या विषाणूला मिळाले, तो १९६५ साली सापडलेला विषाणूही वाळूमाशीच पसरवते. मुलांच्या मेंदूला सूज आणणाऱ्या या रोगाने २००३ साली आंध्र प्रदेश व महाराष्ट्रात आणि २०२४ साली गुजरातेत बालकांचे बळी घेतले.

आता बंदोबस्ताकडे वळू. पॉल म्यूलर यांनी १९३९ साली डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधला आणि त्याबद्दल त्यांना १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. माश्यांचा प्रश्न आता कायमचा सुटला, असे तेव्हा अनेकांना वाटले. परंतु पारितोषिक मिळण्यापूर्वीच युरोपातील काही भागांत डीडीटीला दाद न देणाऱ्या घरमाश्या आढळू लागल्या होत्या. कारण उघड आहे. वर्षाकाठी ज्या जीवाच्या पंधरा-वीस पिढ्या होतात, त्यातील विष पचवणारे मोजके जीव मागे उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. फवारणीचा उपयोग साथीच्या दिवसांत आहे; एरवी तिच्यावर विसंबून चालणार नाही.

खरा उपाय जन्मस्थानी करावयाचा असतो. मघाचा हिशेब आठवा. अळी चार-पाच दिवसांत उकिरडा सोडते. म्हणून कचरा आणि शेण आठवड्यातून किमान दोनदा हलवले, तर अळी कोशात जाण्यापूर्वीच तिची वाट अडते. खताचा ढीग दाबून रचावा आणि वरचेवर उलटावा. आतली उष्णता पन्नास अंशांवर गेली, की अळ्या जगत नाहीत. कडेचा थंड भाग आत गेला पाहिजे, एवढेच. खड्डा नुसत्या भुसभुशीत मातीने झाकून भागत नाही, कारण कोशातून निघालेली माशी अशी माती सारून वर येते. माती चोपून घट्ट करावी. शौचकूपाच्या भांड्यात पाण्याचा अडसर असावा आणि टाकीच्या वायुनळीला बारीक जाळी बांधावी. २०१४ नंतर देशात कोट्यवधी शौचालये बांधली गेली. परंतु तान्ह्या मुलाचा मल निरुपद्रवी मानून तो उकिरड्यावर टाकण्याची रीत अनेक घरांत अजून आहे. जंतूंच्या दृष्टीने तो मुळीच निरुपद्रवी नसतो.

शेवटी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. घरात माश्या झाल्या, की बोल लागतो तो घरातल्या बाईला. ती बिचारी दिवसातून चारदा ओटा पुसते, अन्न झाकते, केर काढते; तरी माश्या येतच राहतात. घरमाशी एखादा किलोमीटर सहज उडून येते. तिचे जन्मस्थान शेजारचा गोठा असेल, बाजारामागचा ढिगारा असेल, किंवा नगरपालिकेची आठवडाभर न उचललेली कचरापेटी असेल. अशा वेळी दोष ओट्याचा नसतो. गावाने, वाडीने, गृहसंस्थेने एकत्र बसून आपल्या परिसरातील अशा जागांची यादी करावी, प्रत्येक जागेची जबाबदारी कोणाची ते ठरवावे आणि आठवड्यातून दोनदा ती साफ होते की नाही हे पाहावे. उन्हाळा संपून पहिला पाऊस पडण्यापूर्वी हे झाले, तर त्या वर्षीच्या अतिसाराच्या दिवसांत काही मुले तरी आजारातून वाचतील.