जुना लॅपटॉप पारखून घ्यावा



बैल घ्यायला बाजारात गेलेला शेतकरी झुलीवर भुलत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. भावाची गोष्ट त्यानंतर. जुना लॅपटॉप घेतानाही हीच रीत ठेवावी. मुलगी कॉलेजात गेली, तिला लॅपटॉप हवा. शिक्षकांना प्रश्नपत्रिका आणि निकालपत्रके करायची असतात. नवे यंत्र घ्यायचे तर हंगामाचा पैसा त्यात जातो. पारखून घेतलेले जुने यंत्र काही वर्षे सुखाने काम देते. न पारखता घेतले, तर पैसाही जातो आणि मुलीचा अभ्यासही अडतो.

बाजारात ‘रिफर्बिश्ड’ म्हणून मिळणारी पुष्कळ यंत्रे मोठ्या कचेऱ्यांतून निघालेली असतात. तिथे ठराविक वर्षांनी सगळी यंत्रे एकदम बदलतात. यांचा बांधा मजबूत असतो, आणि बहुतेकांचे खालचे झाकण स्क्रू काढून उघडता येते.

आता एक सोपा नियम सांगतो. जे पुढे बदलता येणार नाही, ते घेतानाच चांगले घ्या. जे बदलता येते, तिथे घेताना पैसा वाचवा. प्रोसेसर बहुधा पाटीवर कायमचा डाख दिलेला असतो. तेव्हा नुसते ‘आय-फाइव्ह’ ऐकून मान डोलावू नका, पुढचा आकडा विचारा. ८२५० असेल, तर पहिला आठ म्हणजे आठवी पिढी. याचे महत्त्व काय? विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढेच रीतसर चालते. त्याहून जुन्या यंत्रावर लिनक्स घालावे. ते विनामूल्य मिळते आणि त्यात मराठीही लिहिता येते.

दुकानात यंत्र अर्धा तास केवळ बॅटरीवर चालवा. प्रत्येक कळ दाबून पाहा, बिजागरी हलवून पाहा. टचपॅड वर उचललेला दिसला, तर आतली बॅटरी फुगली असण्याचा संभव आहे. असे यंत्र घेऊ नका. सुरू करताना जुन्या मालकाचा पासवर्ड मागत असेल, तरीही नको. बिलावर यंत्राचा क्रमांक आणि हमीची मुदत लिहून घ्या.

घरी करता येण्याजोग्या सुधारणा दोन. आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवा. एवढ्यानेच यंत्राचा वेग सर्वांत जास्त वाढतो. दुसरी मेमरी. ती चार जीबी असेल, तर आठ करा, जमल्यास सोळा. मात्र काही पातळ यंत्रांत मेमरीही डाख दिलेली असते, म्हणून जागा रिकामी आहे का, हे आधीच विचारा. २०१८ साली आलेल्या थिंकपॅड टी-४८० मध्ये मेमरीच्या दोन जागा आहेत. तिथे डीडीआर-४ जातीचीच मेमरी लागते. डीडीआर-३ ची खाच वेगळी, ती बसतच नाही. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव बरेच चढले होते. तेव्हा सुट्या भागांचा भाव आधी काढा आणि एकूण बेरीज करूनच यंत्राची किंमत ठरवा.

उघडण्यापूर्वी महत्त्वाच्या फायलींची नक्कल काढून ठेवा. यंत्र बंद करा, चार्जर काढा, आतल्या बॅटरीची जोडणी सोडवा. अंगातली स्थिर वीज जावी म्हणून आधी एखाद्या उघड्या धातूला हात लावा. निघालेले स्क्रू कागदावर त्यांच्या जागेप्रमाणे मांडा. सगळे सारख्या लांबीचे नसतात. मेमरी तिरपी घालून हलकेच दाबली, की दोन्ही बाजूंच्या चिमट्या ‘टक्’ करून बसतात. जोर लावावा लागला, तर काहीतरी चुकते आहे असे समजा. फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबू नका. ती पेट घेते. ते काम जाणत्या कारागिराकडे द्या.

शिक्षक मित्रांनो, शाळेतले यंत्र उघडाल तेव्हा चार मुलांना जवळ बसवा. मेमरी कोणती आणि डिस्क कोणती, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्याला उद्या दुकानात सहसा कोणी फसवणार नाही.