गिअरबॉक्स खोलण्याआधी
(कामगारांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा संक्षेप)



मी भाषणे करणारा माणूस नव्हे. बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीजवळ, होसूर रस्त्यालगतच्या एका गॅरेजमध्ये मी मेकॅनिक आहे. यंत्राच्या बिघाडाचे खापर माणसावर कसे फुटते आणि ते कसे टाळावे, एवढेच आज सांगतो.

गेल्या पावसाळ्यात बेळगावकडचा एक तरुण ड्रायव्हर आमच्याकडे आला. रात्रपाळीच्या लोकांची ने-आण करणारी ऑटोमॅटिक गाडी तो चालवी. उड्डाणपुलावर गाडी एकाच गिअरमध्ये अडकली. मालक म्हणाला, "चालत्या गाडीत तूच रिव्हर्स टाकलास." एका गॅरेजने नीट न तपासताच गिअरबॉक्स उतरवायला सांगितला. खर्च लाखाच्या घरात, आणि तो याच्या पगारातून कापायचा! "काका, मी काहीच केलं नाही हो," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

आता हे यंत्र समजून घेऊ. समोरासमोर दोन पंखे ठेवले आणि एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. वाऱ्याच्या जागी तेल घ्या, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचे तत्त्व कळेल. रेल्वेच्या बंधूंना हे नवे नाही. डब्ल्यूडीएस-४ या शंटिंग इंजिनात तेलातून जोर नेणारे 'सुरी ट्रान्समिशन' होते. ते विकसित करणारे मन मोहन सुरी हे रेल्वेतलेच अभियंते. त्यांना १९६२ साली भटनागर पुरस्कार मिळाला.

म्हणून तपास तेलापासून सुरू करावा. तेल मोजायची पट्टी असलेल्या बहुतेक गाड्यांत गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन गरम व चालू ठेवून पातळी पाहतात. तरीही गाडीचे पुस्तक आधी वाचावे. तेल तपकिरी आणि जळका वास, तर क्लच प्लेटी जळाल्याचा संशय घ्यावा. तेल दुधाळ गुलाबी झाले, तर रेडिएटरचे पाणी त्यात मिसळले असावे.

नंतर गाडी चालवून पाहावी. 'डी'मध्ये टाकल्यावर गाडी उशिरा पकड घेत असेल, तर तेल कमी आहे किंवा त्याचा दाब कमी आहे. इंजिनचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, याला आपण स्लिप म्हणतो. एकाच गिअरमध्ये स्लिप असेल तर त्या गिअरचा क्लच पाहावा. सगळ्याच गिअरमध्ये असेल तर तेल, फिल्टर, पंप पाहावा. एकसारख्या वेगात गाडी थरथरली, तर ब्रेकवर हलकेच पाय ठेवावा. थरथर तत्काळ थांबली, तर संशय कन्व्हर्टरच्या लॉक-अप क्लचवर जातो.

शेवटी स्कॅनर. पण स्कॅनरचा कोड फक्त कोणत्या सर्किटवर तक्रार आहे ते सांगतो. कोणता भाग बदलायचा ते सांगत नाही. काही बिघाडांत कॉम्प्युटर बचावासाठी गाडी मुद्दाम एकाच गिअरमध्ये धरून ठेवतो. तेवढ्यावरून गिअरबॉक्स मोडला असे समजू नये.

त्या तरुणाच्या गाडीचे तेल लाल, स्वच्छ आणि पातळीवर होते. जळका वास नव्हता. स्कॅनरने पी०७२० हा कोड दाखवला, म्हणजे तक्रार बाहेरच्या शाफ्टच्या वेग-सेन्सरच्या सर्किटवर. खाली शिरून पाहिले, तर सेन्सरची वायर उंदराने कुरतडलेली! वायर जोडली, कोड पुसला, गाडी नीट चालली. आम्ही तपासात काय सापडले ते कागदावर लिहून दिले. पगारकपात टळली.

एक सावधगिरी. एएमटी म्हणून मिळणारी गाडी वेगळी. भारतात ती २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओतून आली. तिच्यात साधाच गिअरबॉक्स आणि क्लच असतो, तो फक्त यंत्राने चालतो. थोडा झटका तिचा स्वभावच आहे. म्हणून गाडी कोणत्या जातीची, हा पहिला प्रश्न.

टपाल खात्याच्या मेल मोटरवरचे आणि रेल्वेच्या गाड्यांवरचे ड्रायव्हर बंधू इथे आहेत. बिघाड झाला की वेळ, वेग, कोणता गिअर, कोणता आवाज हे तिथल्या तिथे लिहून ठेवा. तपासाचा निकाल लेखी मागा. चौकशीशिवाय शिक्षा नको, असे आपण माणसासाठी म्हणतो. यंत्राची चौकशी नीट झाली, तरच माणसाला न्याय मिळतो.