माळ्यावरची ट्रंक

खेड्यातल्या पुष्कळ घरांत माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक असते. तिच्यात काय आहे हे कुणाला नीटसे ठाऊक नसते, आणि ती टाकूनही देववत नाही. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरी अशीच एक होती. माझे आजोबा १९४१ साली मराठा पलटणीत भरती झाले आणि इटलीत लढून परत आले. त्यांचे थोरले बंधू त्याच पलटणीत होते. ते आले नाहीत. आजोबा याविषयी अवाक्षर काढत नसत. पणजीने मात्र शेवटपर्यंत वाट पाहिली. "तार आली म्हणून काय झालं? कुठं ठेवलाय त्याला, ते सांगा," असे ती म्हणे.

हा प्रश्न आम्ही पुढे हाती घेतला. ट्रंकेत इटलीच्या मोहिमेची सहा टोकांची चांदणी निघाली. मागे नंबर, नाव कोरलेले. आम्ही नाव वाचून हरखलो. पण खरा धागा नंबराचाच. एका पलटणीत एकाच नावाचे चार जण असत, आणि इंग्रजी कागदांत एकच आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडते. नंबर मात्र माणसाचा माणसालाच. म्हणून सांगतो, पदक चिंचेने घासून लख्ख करू नका, अक्षरे झिजतात. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांवर हीच माहिती कडेवर असते.

पदक नसेल तर डिस्चार्जचा कागद किंवा पेन्शनचे पुस्तक पाहा. मग पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहावे. मराठा पलटणीचे केंद्र बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला. पत्रात नंबर, वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि आपले नाते स्पष्ट लिहा. पत्र कसे करावे हे उमगत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे.

युद्धात कामी आलेल्यांची नोंद आणखी एके ठिकाणी असते. १९१७ साली स्थापन झालेला राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोग दोन्ही महायुद्धांतल्या मृतांच्या नोंदी सांभाळतो. त्या कुणालाही फुकट पाहता येतात. तिथेच आम्हांला थोरले आजोबा भेटले. १९४३च्या हिवाळ्यात आठव्या हिंदी डिव्हिजनने सांग्रो नदी ओलांडली. पहिली मराठा पलटण तीत होती. तिथल्या दफनभूमीत, दहन झालेल्या हिंदी सैनिकांचे स्मारक आहे. कबर नाही, कारण आपल्या रीतीप्रमाणे अग्नी दिला होता. गावाचे स्पेलिंग चुकले होते, पण "अमक्याचा मुलगा" म्हणून पणजोबांचे नाव अचूक होते.

पणजी तोवर गेली होती. त्या जुन्या तारेच्या पाठीवर आम्ही तिच्या प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवले आहे.

गुरुजनांना एक विनंती. काही गावांत चावडीपाशी किंवा देवळाजवळ एक दगडी पाटी असते. १९१४ ते १९१९च्या युद्धात गावातून किती माणसे गेली, किती कामी आली, एवढेच तिच्यावर लिहिलेले असते. तिथे आकडा आहे, नावे नाहीत. मुलांना ती पाटी दाखवा आणि घरोघर विचारायला सांगा. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीतली नावे अजून मिळतील. ती वहीत उतरवून शाळेत ठेवा.