झेंडा दारात, हिशेब चोख

दूरदूरच्या गावांतून गाड्या हाकत इथवर आलेले सेवा क्लबांचे आणि महाराष्ट्र मंडळांचे कार्यकर्ते, आणि ज्यांच्या सुट्ट्यांवर डल्ला मारून आपण समाजकार्य करतो ते आपले कुटुंबीय,

उत्तर अमेरिकेतल्या मराठी सेवाभावी कार्यकर्त्यांच्या या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. अध्यक्षाने सेवाधर्माची थोरवी गावी, चार संतवचनं पेरावीत आणि जेवणाची वेळ झाली म्हणून आवरतं घ्यावं, असा आपल्याकडचा प्रघात आहे. सेवेची थोरवी तुम्हाला मी सांगायला नको. तुमचं घोडं पेंड खातं ते निधीपाशी. म्हणून मी आज पैशांबद्दल बोलणार आहे, आणि तेही एकाच उपक्रमाच्या आधाराने. अमेरिकेतल्या गावोगावचे रोटरी, लायन्स, किवानिस आणि ऑप्टिमिस्ट क्लब हा उपक्रम वर्षानुवर्षं चालवत आले आहेत. सुट्टीच्या दिवशी वर्गणीदाराच्या दारात राष्ट्रध्वज लावायचा आणि नंतर तो काढून न्यायचा.

योजना साधी आहे. घरमालक किंवा दुकानदार क्लबला वर्षाची ठरावीक रक्कम देतो. क्लब त्याच्या अंगणात, रस्त्याच्या कडेला, जमिनीत एक नळी पुरतो. मग फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डे, मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारचा मेमोरियल डे, १४ जूनचा फ्लॅग डे, ४ जुलै, सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारचा लेबर डे आणि ११ नोव्हेंबरचा व्हेटरन्स डे, यांपैकी क्लबाने ठरवलेल्या दिवशी स्वयंसेवक येतात, दहा फुटी काठीला लावलेला तीन बाय पाच फुटांचा झेंडा त्या नळीत उभा करतात आणि वेळ झाली की घेऊन जातात. झेंडा क्लबाच्याच मालकीचा राहतो. त्याची निगा, दुरुस्ती, साठवण, सगळं क्लबाकडे. वर्गणीदाराला फक्त पडदा सरकवून बाहेर बघायचं असतं.

ऐकायला हे सोपं वाटतं. जमिनीवर उतरलं की कळतं, कशाकशाची काळजी घ्यावी लागते. नळी पुरण्याआधी ८११ या क्रमांकावर फोन करून गॅसच्या, विजेच्या वाहिन्यांवर खुणा करून घ्याव्या लागतात. त्या खुणांमध्ये घरमालकाने स्वतः टाकलेली लॉनच्या फवाऱ्याची पाइपलाइन येत नाही; ती त्यालाच विचारावी लागते. रस्त्यालगतची पट्टी बहुतेक ठिकाणी नगरपालिकेच्या अखत्यारीत असते, तिथे परवानगी हवी. नळीचं तोंड जमिनीच्या बरोबरीला हवं. बोटभर वर राहिलं तर गवत कापायच्या यंत्राचं पातं त्यावर आदळतं. नळीवर झाकण नसेल तर आत माती भरते, आणि फेब्रुवारीत उत्तरेकडच्या राज्यांत तिथे पाणी गोठून बर्फाचा खुंटा तयार होतो. पहाटेच्या काळोखात, हातमोजे काढून, पेचकसाने तो बर्फ फोडणारा स्वयंसेवक तुम्ही पाहिला असेल तर ‘फंडरेझिंग’ म्हणजे काय हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

झेंडा उभा केला म्हणजेही काम संपत नाही. तो काठीभोवती गुंडाळला गेलेला नाही ना, ताऱ्यांचा निळा चौकोन वरच्या टोकाला काठीलगत आहे ना, झाडाच्या फांदीत अडकणार नाही ना, हे बघूनच पुढच्या दाराकडे जायचं. संध्याकाळी काढताना पावसाने भिजला असेल तर तसाच गुंडाळून ठेवायचा नाही, नाहीतर पुढच्या सणाला बुरशीचे डाग दिसतात. म्हणून कुणाच्या तरी गॅरेजमध्ये दोऱ्या बांधून ओले झेंडे वाळत घातलेले असतात.

आता गणित मांडू. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. तुमच्या गावचे तुम्ही घाला. ३०० वर्गणीदार, प्रत्येकी ५० डॉलर, म्हणजे १५,००० डॉलर जमा. झेंडा, काठी आणि नळी मिळून दारामागे ४० डॉलर धरले तर पहिल्याच वर्षी १२,००० त्यात जातात. उरलेल्या ३,०००मधून विमा, पत्रकं आणि पेट्रोल वजा केलं की हाती फारसं काही लागत नाही. खरा निधी दुसऱ्या वर्षापासून. विरलेल्या १०० झेंड्यांच्या जागी २० डॉलरचे नवे झेंडे घेतले आणि इतर खर्च १,००० धरला, तरी १२,००० शिल्लक राहतात. पण पाव वर्गणीदारांनी पाठ फिरवली तर ३,७५० डॉलरची जमा गेली आणि ७५ काठ्या शेडमध्ये पडून राहिल्या. म्हणजे या योजनेचा जीव नव्या वर्गणीदारांत नाही, नूतनीकरणात आहे. आणि नूतनीकरण ठरतं ते गेल्या वर्षी झेंडा वेळेवर लागला का आणि वेळेवर निघाला का, यावर.

याच गणिताची दुसरी बाजू बघा. ३०० घरं, एका फेरीत २५, म्हणजे १२ फेऱ्या. प्रत्येक फेरीला एक गाडी चालवणारा आणि एक उतरून झेंडा लावणारा, म्हणजे २४ माणसं. वर्षाला पाच सण धरले तर लावायच्या आणि काढायच्या मिळून दहा वेळा ही २४ माणसं बाहेर पडणार. १२,००० डॉलरना या २४० खेपांनी भागा. प्रत्येक माणसाच्या प्रत्येक खेपेमागे ५० डॉलर पडतात. ही रक्कम कुणाच्या खिशाला हात घालून आलेली नाही; ती पायांनी मिळवलेली आहे. हॉटेलात मेजवानी ठेवून, तिकिटं आप्तमित्रांच्या गळ्यात मारून, निम्मे पैसे हॉटेलवाल्याला देण्याशी याची तुलना तुमची तुम्हीच करा.

आपल्याला हे तत्त्व परकं वाटायचं कारण नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला, टिळकांनी त्याला पाठबळ दिलं आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचकारखाना निघाला. थोडं थोडं, पण पुष्कळांकडून आणि पुन्हा पुन्हा, हे शहाणपण आपल्याच मातीतलं आहे. मंडळांमध्ये आज ते मागे पडलं आहे. आपले कार्यक्रम दोन-चार बड्या प्रायोजकांवर चालतात. एका प्रायोजकाचा धंदा बसला की त्या वर्षीचा नाट्यप्रयोगही बसतो. शंभर घरांची लहान वर्गणी अशी एका रात्रीत आटत नाही.

मात्र पैसा फंडाची वर्गणी आणि झेंड्याची वर्गणी यांत फरक आहे. तिथे देणारा ध्येयासाठी देत होता. इथे देणाऱ्याला बदल्यात एक काम करून मिळतं. त्यामुळे हिशेबही वेगळा ठेवावा लागतो. सेवा क्लब बहुधा ५०१(सी)(४) प्रकारात नोंदलेले असतात. त्यांना दिलेल्या पैशावर देणगीची करसवलत मिळत नाही. क्लबाचं वेगळं धर्मादाय प्रतिष्ठान असलं तरी, बदल्यात मिळालेल्या सेवेच्या किमतीइतकी रक्कम देणगी धरता येत नाही, आणि ७५ डॉलरच्या वर अशी मिश्र रक्कम घेतली तर तसं लेखी कळवावं लागतं. उलट एक सोयही आहे. ज्या व्यवसायातलं जवळजवळ सगळं काम बिनमोबदला स्वयंसेवक करतात, त्याचं उत्पन्न केंद्रीय करकायदा ‘असंबंधित व्यवसाय’ धरत नाही. माणसं पगारी ठेवलीत की ही सोय गेली. भाडेपट्टीवरच्या विक्रीकराचे नियम मात्र राज्यागणिक बदलतात. तेव्हा खजिनदाराने पहिल्या पावतीआधी हिशेबनिसाकडे जावं.

आता ध्वजाच्या मानाचा प्रश्न. अमेरिकेची ध्वजसंहिता १९४२ साली काँग्रेसने कायद्यात आणली. झेंडा सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत लावावा, रात्री ठेवायचा तर त्यावर पुरेसा उजेड असावा, असं ती सांगते. मोडणाऱ्याला शिक्षा नाही. ती सल्ल्यासारखी आहे. म्हणूनच जपावी लागते. कित्येक क्लब शनिवारी झेंडे लावतात आणि मंगळवारी काढतात, मधल्या रात्री ते अंधारात उभे असतात. माणसं कमी पडतात, ही अडचण मला समजते. पण माझं मत स्पष्ट आहे: दीडशेच झेंडे त्याच संध्याकाळी काढता येत असतील, तर दीडशेच लावा.

याच संहितेत आणखी एक कलम आहे. झेंडा जाहिरातीसाठी वापरू नये आणि ज्या काठीवर तो फडकतो तिला जाहिरातीचा फलक बांधू नये. काठीवर क्लबाचं नाव, प्रायोजकाचं चिन्ह चिकटवण्याचा मोह सर्वांनाच होतो. तो टाळा. दाराच्या मुठीला अडकवायचं पत्रक पुरेसं असतं. मेमोरियल डेला दुपारी बारापर्यंत झेंडा अर्ध्यावर ठेवण्याचा नियम आहे. आपल्या काठीला दोरी नसते, झेंडा खाली घेता येत नाही, तेव्हा काठीच्या टोकाला काळी फीत बांधण्याची प्रथा पाळावी. आणि विटलेला झेंडा कचऱ्यात जाता कामा नये. अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या शाखा आणि स्काउटची मुलं त्याचं विधिपूर्वक दहन करतात. त्यांच्याकडे तो द्यावा.

यापुढचा मुद्दा आपल्यासारख्यांच्या जिव्हाळ्याचा. ११ सप्टेंबर २००१ नंतर कित्येक भारतीय दुकानदारांनी आणि मोटेलमालकांनी दारावर झेंडे लावले. काहींनी प्रेमाने लावले, काहींनी भीतीने. भीतीपोटी लावलेल्या झेंड्यात लावणाऱ्याचा मान नाही आणि झेंड्याचाही नाही. वर्गणी मागायला गेलात तर ‘गल्लीत तुमचंच दार मोकळं आहे’ हे वाक्य तोंडून जाऊ देऊ नका. ज्याला नको त्याला नको. नूतनीकरण न करणाऱ्याकडे कारण मागू नका. ज्याच्या लॉनवर तुम्हाला न पटणाऱ्या उमेदवाराची पाटी आहे, त्याचाही झेंडा तितक्याच सरळ लावा. सेवा क्लबाला पक्ष नसतो, ही गोष्ट घटनेच्या कागदावर सोपी असते. निवडणुकीच्या वर्षी, दारात उभं राहून पाळायला अवघड जाते.

भारतातून आलेले पाहुणे विचारतील, हीच योजना तिरंग्याची पुण्यात, नाशकात करावी का? घाईने करू नये. २००२ची भारतीय ध्वजसंहिता, २००४चा सर्वोच्च न्यायालयाचा नवीन जिंदल खटल्यातला निकाल आणि २०२१-२२मधल्या दुरुस्त्या यांनी नागरिकाला ध्वज लावण्याची मोठी मोकळीक दिली. यंत्रावर विणलेला, पॉलिएस्टरचा झेंडा चालू लागला, घरावर तो रात्रीही ठेवता येऊ लागला. पण व्यापारी कारणासाठी राष्ट्रध्वज वापरण्यावर १९५०च्या कायद्याचं बंधन आहे. कायद्याचा नीट सल्ला घेतल्याशिवाय तिरंग्याला भाडं लावू नका. तिथे न्यायची ती पद्धत: ठरलेलं काम, ठरलेला दिवस, वर्षाची वर्गणी.

आणि ती पद्धत आपल्या मंडळांना उद्यापासून वापरता येईल. दिवाळीत कितीतरी ज्येष्ठांच्या घरी आकाशकंदील कपाटातच राहतो, कारण शिडीवर चढायला कुणी नसतं. वर्षाची वर्गणी घ्या, वसुबारसेला कंदील आणि दिव्यांच्या माळा लावा, तुळशीच्या लग्नानंतर उतरवून तुमच्याकडे जपून ठेवा. पहिल्या वर्षी पंचवीस घरं पुरेत. विमा बघा, शिडी धरायला दुसरा माणूस ठेवा, हिशेब सभेत वाचून दाखवा. येणाऱ्या पैशातून मराठी शाळेची पुस्तकं घ्या, नाहीतर गावातल्या फूड पँट्रीला द्या; पण कशासाठी घेतो ते पावतीवर आधी छापा.

मित्रहो, परिषदेनंतर प्रत्येक मंडळाने दोनच ठराव करावेत, अशी माझी विनंती आहे. पुढच्या वर्षीच्या निधीतला काही भाग प्रायोजकांकडून न घेता कामाच्या वर्गणीतून उभा करायचा. आणि जेवढं संध्याकाळी उतरवता येईल, तेवढंच सकाळी लावायचं. लावायला उत्साही माणसं नेहमीच मिळतात. उतरवायला येणाऱ्यांची नावं आधी लिहून घ्या, मग वर्गणीची पावती फाडा.