सातपुड्याचे पाहुणे



नशिराबादहून भुसावळ गाठावे, तापी ओलांडून फैजपूर-सावद्याच्या केळीबागांमधून उत्तरेकडे निघावे, की सातपुड्याची निळी रांग समोर उभी राहते. रावेर तालुक्यातले पाल हे गाव याच डोंगरात वसले आहे, आणि तिथेच आहे यावल अभयारण्य. १९६९ साली ते जाहीर झाले. क्षेत्र सुमारे १७७ चौरस किलोमीटर. झाडे म्हणाल तर साग, अंजन, सालई, धावडा. सुटीच्या दिवशी हौशी मंडळी आणि शाळांच्या सहली तिकडे जातात. जावेच, पण पाहुण्याच्या रीतीने जावे.

आता कोणी म्हणेल, "जंगल सरकारचं, डोंगर तिकडचा. आम्हा शेतकऱ्यांना त्याचं काय?" तर जरा विहिरीत डोकावून बघा. सातपुड्यावरून येणारे पाणी पायथ्याच्या दगडगोट्यांच्या थरांत मुरते आणि यावल-रावेरच्या विहिरींना लाभते. डोंगर उघडा पडला, की पाणी मुरण्याआधीच धावत सुटते आणि जाताना माती घेऊन जाते. तेव्हा केळीची बाग राखायची, तर डोंगरावरचे झाडही राखले पाहिजे.

दुसरी गोष्ट एका पाखराची. रानपिंगळा हे लहानसे घुबड दिवसाढवळ्या शिकार करते. १८८४ नंतर ते कुणाला दिसल्याची खात्रीची नोंद नव्हती. जगातून नाहीसे झाले, असेच जाणकार समजत होते. आणि १९९७ च्या नोव्हेंबरात ते सापडले कुठे? आपल्याच खानदेशात, शहाद्याजवळच्या रानात! अमेरिकेतून आलेल्या पक्षीतज्ज्ञांनी ते शोधून काढले. हे पाखरू जुन्या झाडांच्या ढोलीत घरटे करते. ढोलीचे झाड सरपणाला गेले, की त्याचे घर गेले.

मग पाहुण्याने करावे काय? आधी वनखात्याची परवानगी घ्यावी, ठरलेली फी भरावी. वाटाड्या त्याच गावचा घ्यावा. रानात पावरा, तडवी, भिल्ल बांधव राहतात. कुठली वाट पाणवठ्यावर जाते, कुठला पाला औषधी, हे त्यांना ठाऊक. त्यांना मजुरी द्यावी, जेवण त्यांच्याच घरचे विकत घ्यावे. डबे शहरातून न्यायचे, गाडी शहरातली, आणि गावात ठेवून यायच्या त्या फक्त प्लॅस्टिकच्या पिशव्या, हा कुठला न्याय? रानाच्या राखणीत ज्याच्या घरी चार पैसे येतात, तो वणव्याच्या वेळी आधी धावतो.

वणव्याचे तर विशेष सांगतो. उन्हाळ्यात सागाचा वाळलेला पाला गुडघाभर साचतो. विडीचे एक जळते थोटूक पुरे. मोठे झाड एखादे वेळी तगते, पण कोवळी रोपे राख होतात. म्हणून रानात विडी नको, चूल नको. कर्णा वाजवणे नको, वानरांना शेंगदाणे टाकणेही नको. आयत्या खाण्याला चटावलेले वानर पुढे शेतात उतरते, आणि मग त्याला शिव्या देणारे आपणच!

गुरुजींना एक विनंती. सहलीला प्रत्येक मुलाजवळ एक वही असू द्या. दहा झाडे ओळखायची, त्यांची त्या भागातली नावे वाटाड्याला विचारून लिहायची, पाने मात्र तोडायची नाहीत. परतल्यावर तीच झाडे आपल्या शिवारात किती उरली आहेत, ते मोजायला सांगा. मुलांचा हा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवला, तर मोठ्यांनाही तो ऐकावा लागेल.