पाहुण्याच्या हाती द्यावयाचा कागद

(किनारपट्टीवरील घरगुती निवासव्यवस्था चालविणारी कुटुंबे, ग्रामपंचायत सदस्य, ग्रामसेवक व प्राथमिक शिक्षक यांच्यासाठी झालेल्या प्रशिक्षण वर्गात एका माहिती अधिकाऱ्याने केलेले भाषण)



माझ्या आधीच्या वक्त्यांनी नोंदणी, कर्ज आणि न्याहारी व निवास योजना यांविषयी विस्ताराने सांगितले आहे. त्यात मी भर घालणार नाही. मला बोलावयाचे आहे ते एका साध्या कागदाविषयी. पाहुणा दारात आला, हातपाय धुऊन पडवीत टेकला, कोकम सरबताचा पेला त्याच्या हाती आला, की त्या पेल्याबरोबरच जो कागद त्याला मिळावयास हवा, तो कागद.

प्रारंभीच एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावरील निवासाविषयी एक माहितीपुस्तिका लिहिण्याचे काम माझ्याकडे आले होते. मी पडलो कलाशाखेचा पदवीधर, शब्दांची हौस दांडगी. रुपेरी वाळू, माडांच्या डोलणाऱ्या झावळ्या, मावळतीचे रंग, असे सारे यथासांग वर्णन केले. छपाई सुबक झाली. पुस्तिका घेऊन मी एका गावी, पाहुणे ठेवणाऱ्या एका घरी गेलो. घरच्या वहिनींनी ती शांतपणे शेवटपर्यंत चाळली आणि विचारले, "साहेब, पाण्यात कधी उतरायचं नाही, ते कुठल्या पानावर आहे?" ते कोणत्याच पानावर नव्हते. मी सावरून म्हटले, "तुम्ही तोंडी सांगत असालच." त्यावर त्या म्हणाल्या, "सांगते हो. पण आल्याआल्या हे करू नका, ते करू नका म्हटलं, तर पाहुण्यांना वाईट वाटतं. जेवताना सांगू म्हणते, आणि राहून जातं."

मित्रहो, त्या "राहून जातं" या दोन शब्दांसाठी मी आज येथे उभा आहे. अतिथीला देव मानणारी आपली रीत, आणि देवाला सूचना कशी करावी हा आपला संकोच! परंतु शहरातून आलेला माणूस समुद्राच्या बाबतीत लहान मुलाइतका अजाण असतो. दिनांक १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिरा येथे पुण्याहून सहलीस आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. पुढे १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्यांपैकी आठजणांना जलसमाधी मिळाली. दोन्ही वेळा पावसाळा नव्हता, वादळ नव्हते. ही मंडळी कोणाच्या घरी उतरलेली नव्हती, हे खरे. परंतु आपल्या घरी उतरणारी मंडळी याहून निराळी नसतात. संकोचामुळे जे तोंडाने निघत नाही, ते कागद निःसंकोचपणे सांगतो.

तेव्हा त्या कागदावर पहिली जागा समुद्राची. "समुद्रात जपून जावे" असे वाक्य लिहून काम होणार नाही. ते वाचून कोणी जपत नाही. आपल्या गावचा समुद्र कोठे कसा आहे, ते लिहावे लागेल. खाडी जेथे समुद्रास मिळते, तेथे ओहोटीचे पाणी जोराने आत ओढते. वर पृष्ठभाग शांत दिसतो आणि पायाखालची वाळू सरकत असते. अमुक खडकाच्या दक्षिणेस उतरू नये, देवळासमोरच्या सपाट वाळूवर गुडघाभर पाण्यापलीकडे जाऊ नये, असे ठिकाण दाखवून लिहावे. लाटा फुटत असताना मध्येच एक पट्टा गुळगुळीत, लाटांविना दिसतो. नवख्यास तोच सुरक्षित वाटतो, आणि पुष्कळदा किनाऱ्यावरचे पाणी परत आत नेणारा प्रवाह तेथेच असतो. त्यात सापडलेल्याने किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. त्यात दम संपतो. तरंगत राहावे, किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर यावे, हात उंचावून हाक मारावी. बाहेर असलेल्याने मागोमाग उडी घेऊ नये. दोर, रिकामा बंद डबा, जे तरंगेल ते फेकावे आणि गावकऱ्यांना बोलवावे. जून ते सप्टेंबर पाण्यात उतरावयाचेच नाही, आणि मद्य घेतलेल्याने तर कोणत्याही ऋतूत नाही. ही दोन वाक्ये ठळक अक्षरांत असावीत.

आता भरती-ओहोटी. येथे बसलेल्या कोळी बांधवांना मी काय सांगणार? पण पाहुण्याला सांगता येईल अशी आपल्या किनाऱ्यावरची जुनी रीत शिक्षकांसाठी उजळणी म्हणून सांगतो. पौर्णिमा किंवा अमावास्या यांपासून तिथी मोजावी आणि तिची पाऊणपट करावी. येईल तो पूर्ण भरतीचा साधारण तास. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि त्याआधी व नंतर सहा-सहा तासांनी, नऊच्या सुमारास, ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, बारा वाजता ओहोटी. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि रोज सुमारे पाऊण तास उशीर. पावकी-निमकीबरोबर पाऊणकी पाठ करणारी पिढी हे बोटांवर सांगत असे. गावागणिक यात थोडा फरक पडतो, तो आपापल्या गावच्या कोळ्यांना विचारून घ्यावा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, हेही लिहावे. मात्र भांगाचे पाणी म्हणजे निर्धोक पाणी असा अर्थ कोणी काढू नये. अलिबागचा कुलाबा किल्ला पाहा. ओहोटीला माणसे चालत जातात, भरतीला तोच किल्ला चहूबाजूंनी पाण्याने वेढला जातो. परतीची वेळ ठाऊक नसलेला पाहुणा तेथे अडकतो. आपल्या गावीही एखादा खडक, एखादे बेट, एखादी खाडीपलीकडची वाळू अशी असतेच.

समुद्राविषयी मी फार बोललो, पण तो विषयच तसा आहे. घरापर्यंत येण्याचे मात्र थोडक्यात सांगता येईल. मोबाईलमधील नकाशा खाडीकाठी आणून सोडतो आणि फेरीबोट बंद झालेली असते. वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेऱ्यांनी पुष्कळ वळसा वाचतो खरा. परंतु शेवटची बोट किती वाजता, ते पाहुण्यास निघण्यापूर्वीच कळविले पाहिजे, म्हणजे हा मजकूर आधी फोनवर पाठवावयाचा. गाडी पाखाडीच्या तोंडाशी राहणार आणि सामान पायऱ्या उतरून आणावे लागणार, हेही. आजीआजोबा बरोबर असतील तर त्यांना ते आधी समजलेले बरे. गाडी माडाखाली लावू नये. नारळ कोणाची गाडी आहे ते पाहून पडत नाही!

पाण्याविषयी लिहिताना यजमानांची लेखणी अडखळते. एप्रिल-मे महिन्यांत किनाऱ्यालगतच्या विहिरी खोल जातात, काहींचे पाणी मचूळ होते. आठ माणसांचे कुटुंब शॉवरखाली मनसोक्त स्नान करते आणि संध्याकाळी शेजारच्या घरी हंडा भरत नाही. यातून गावात कुरबुर सुरू होते, आणि ती पुढे ग्रामसभेत येते, हे सदस्य मंडळी जाणतातच. "उन्हाळ्यात माणशी दोन बादल्या पाणी मिळेल" असे सरळ लिहावे. मी स्वतः जेथे असे लिहिलेले वाचले, तेथे मला राग आला नाही. उलट दुसरी बादली अर्धीच वापरली. प्यावयाचे पाणी कोणते, वापरावयाचे कोणते, हे माठावर व नळावर लिहून ठेवावे. संडास शोषखड्ड्याचा असेल तर त्यात कापड, प्लॅस्टिक टाकू नये, हे भिंतीवर असावे. विहिरीला कठडा नसेल तर कागद लिहिण्याआधी कठडा बांधावा. कठड्याचे काम सूचनेने भागत नाही.

वीज जाते, ती केव्हा येईल सांगता येत नाही. कंदील किंवा विजेरी कोठे ठेवली आहे, ते लिहावे. मोबाईलला आवाज गडग्यापाशी मिळतो की देवळाच्या पारावर, तेही. आणि रात्री विजेरीवाचून अंगणात पाऊल टाकू नये. आपल्या चिऱ्यांच्या गडग्यांत व पालापाचोळ्यात फुरसे असते, ते अंगाच्या रंगामुळे दिसत नाही. सकाळी पायताण झाडून घालावे, कारण लाल विंचू. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध उपयोगात आणून किती माणसे वाचविली, ते आपण ऐकून आहोत; पण ते औषध योग्य वेळी मिळण्यासाठी माणूस दवाखान्यात पोहोचला पाहिजे. सर्पदंशावर प्रतिविष हाच उपचार आहे. जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. दंश झालेला हात किंवा पाय हलू न देता रुग्णालय गाठावे. कोणते रुग्णालय? प्रतिविष असणारे. ग्रामसेवकांनी ते आरोग्य केंद्रात विचारून प्रत्येक मोसमाच्या आरंभी घराघरांना कळवावे. १०८ हा रुग्णवाहिकेचा आणि ११२ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक कागदाच्या माथ्यावर हवा. त्याखाली गावात रात्री गाडी काढू शकणाऱ्या दोन घरांचे क्रमांक, त्यांची संमती घेऊन.

जेवणाविषयी मी लिहा म्हणणार नाही. आंबोळी आणि सोलकढी आपली जाहिरात आपणच करतात. जेवणाच्या वेळा आणि किती आधी सांगावे लागेल, एवढे पुरे.

अशा सूचनांनी पाहुणे दुरावतील अशी भीती काहींना वाटते. त्यांनी मंडणगड तालुक्यातील वेळास गावाकडे पाहावे. नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून ते पूर्वीपासून परिचित होते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने तेथे २००२ च्या सुमारास ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणाचे काम हाती घेतले आणि पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातील घराघरांतून उतरतात. तेथे पाहुण्यावर बंधने थोडी नाहीत. पिल्ले समुद्रात सोडताना दोरीच्या अलीकडे उभे राहावयाचे, त्यांना हात लावावयाचा नाही, छायाचित्रासाठी प्रकाश पाडावयाचा नाही. शिवाय एखाद्या दिवशी पिल्लू बाहेर न आल्यास कोणाचा दोष नाही, हेही मान्य करावयाचे. तरी पाहुणे येतात, पुन्हा येतात. कारण नियम का आहे, ते त्यांना समजावून सांगितलेले असते.

आता हा कागद लिहावा कोणी? आमच्या कार्यालयाने मुळीच लिहू नये, असे मी अनुभवाने सांगतो. जिल्ह्यासाठी एकच मजकूर छापला की तो कोणत्याच गावाचा राहत नाही. घरच्या माणसांनी सांगावे, कोळ्यांनी समुद्राचा भाग तपासावा, शिक्षकांनी शुद्ध व सुवाच्य लिहून द्यावे, आणि सातवी-आठवीच्या मुलांकडून गावचा नकाशा काढून घ्यावा. मुलांना धोक्याच्या जागा आपल्यापेक्षा नेमक्या ठाऊक असतात. मराठीबरोबर हिंदी व इंग्रजीतही प्रत असावी. ग्रामपंचायतीने हाच मजकूर किनाऱ्यावरील फलकावर घ्यावा आणि फलक पहिल्या पावसात वाहून गेला तर दिवाळीपूर्वी पुन्हा उभा करावा. अर्ध्यावर गंजलेला, अक्षरे पुसलेला फलक मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. त्याच्या खांबाला टॉवेल वाळत घालून लोक पाण्यात उतरतात.

कागद दोन पानांहून मोठा नसावा. तो पाहुण्याच्या हाती देऊन यजमानांनी समुद्राचा परिच्छेद तेवढा स्वतः वाचून दाखवावा. त्या वहिनींनी आता तसेच सुरू केले आहे. त्या म्हणतात, "हे मी सांगत नाही, कागदात लिहिलंय," असे म्हटले की त्यांनाही अवघड वाटत नाही.

दुपारच्या सत्रात प्रत्येक गावाने आपापला मसुदा तयार करावयाचा आहे. कोरे कागद आणि पंचांगाच्या प्रती मागील मेजावर ठेवल्या आहेत. कोळी बांधव चार वाजता परत जाणार आहेत, तेव्हा आपल्या गावच्या भरतीचा फरक त्यांच्याकडून जेवणाआधीच उतरवून घ्यावा.