पाणी चढण्याआधी ठरवायचं ते

(कृष्णाकाठच्या एका गावात बचत गटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून)

मघाशी चहा घेताना मी काहीजणींना विचारलं, "पूर आला की घरातलं सामान वर कोण काढतं?" सगळ्या हसल्या. "कोण काढणार? आमीच की!" मग विचारलं, "आणि घर कधी सोडायचं, हे कोण ठरवतं?" तेव्हा कुणी हसलं नाही. एक मावशी म्हणाल्या, "मालक ठरवत्यात." आज मला या दोन उत्तरांबद्दलच बोलायचं आहे.

आपल्या कृष्णेचा पूर बहुतेक वेळा एका झटक्यात येत नाही. वर पाऊस होतो, कोयना-वारणा धरणांतून पाणी सुटतं आणि नदी फुटाफुटाने चढते. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथवर चढायला त्याला काही दिवस लागले. म्हणजे वेळ होता. तरी हजारो माणसं अडकली. का? एक कारण घराघरांत ऐकू येत होतं: "२००५ ला उंबऱ्यापत्तोर आलं न्हवतं, आता काय येतंय!" २००५ ची खूण हीच शेवटची, असं धरून माणसं बसली. पाणी त्या खुणेच्या वर गेलं, तेव्हा रस्ते बुडालेले होते आणि नावेशिवाय वाट उरली नव्हती. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला नाव उलटली. त्यात गेलेल्यांमध्ये बायका होत्या, लेकरं होती.

त्या दिवसांत मी एका शाळेतल्या छावणीत काम करत होते. एका रात्री नावेतून आठ महिन्यांची गरोदर बाई आली. हातात पिशवी. त्यात दवाखान्याची फाईल, गोळ्या, बाळासाठी जुन्या लुगड्याचे तुकडे. सगळं नीट घडी घालून ठेवलेलं. मी म्हटलं, "चांगली तयारी केलीस गं." ती म्हणाली, "ताई, पिशवी दोन दिवस झाले भरून ठिवलीया. सासरे म्हणत होते, जनावरं सोडून कुठं जायचं." मैत्रिणींनो, तिची तयारी पुरी होती. उंबरा ओलांडायचा अधिकार तेवढा तिच्याकडे नव्हता.

म्हणून पहिली तयारी निर्णयाची. पाऊस लागण्याआधी, मे महिन्यातच, घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून ठरवा. नदी किती फुटांवर गेली की आपल्या गावाचा रस्ता बंद होतो? घरात पाणी शिरण्याआधी रस्ता जातो, हे विसरू नका. तो आकडा ग्रामपंचायतीत विचारून घ्या आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहा. रस्ता बंद होण्याच्या बरंच आधी गरोदर बायका, बाळंतिणी, म्हातारी माणसं, लेकरं आणि जनावरं बाहेर काढायची. जनावरं कुणाकडे न्यायची हेही तेव्हाच ठरवा. नाहीतर त्यांच्या पायी सगळं घर अडकतं. आणि घरातला पुरुष कामाला बाहेरगावी असला, तरी त्या आकड्याला बाई निघेल, हे त्याच्याकडून आधीच कबूल करून घ्या.

दुसरी तयारी कागदांची. रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक, घराचा उतारा, मुलांचे दाखले, गटाचं रजिस्टर, दवाखान्याचे कागद. हे सगळं प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, एकीत एक घालून, गच्च बांधून ठेवा. झेरॉक्स उंचावरच्या नातेवाइकाकडे ठेवा. पण कागद कोरडा राहिला एवढ्याने भागत नाही, त्यावर आपलं नाव आहे का तेही बघा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातली सर्वांत मोठी सज्ञान बाई कुटुंबप्रमुख आहे. पंचनाम्याला माणूस आला की मात्र हाक येते, "मालकांना बोलवा!" भावाच्या घराच्या मागच्या खोलीत राहणारी एक परित्यक्ता मला भेटली. चूल वेगळी, मजुरी वेगळी, भांडीकुंडी सगळी वाहून गेलेली. पण घर एक, नाव भावाचं. मदत भावाच्या खात्यात जमा झाली. अशा एकट्या बाईचं वेगळं रेशनकार्ड आणि स्वतःचं बँक खातं हीसुद्धा पुराचीच तयारी आहे. ते काम उन्हाळ्यात करायचं असतं.

तिसरी तयारी सामानाची. ती तुम्ही मला शिकवाल, म्हणून थोडक्यात सांगते. धान्य आणि बियाणं माळ्यावर. पाणी घरात यायच्या आधी, कोरड्या हाताने, मेन स्विच बंद. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडर दोरीने बांधा, नाहीतर तो तरंगत जातो. सोबत पिण्याचं पाणी, चुरमुरे, शेंगदाणे, गूळ, रोजच्या गोळ्या, बॅटरी आणि पाळीचे कपडे किंवा पॅड. हे शेवटचं सांगायला लाजू नका. छावणीत मी अशा बायका पाहिल्यात, ज्या संडास लांब आणि अंधारात आहे म्हणून दिवसभर पाणी पीत नव्हत्या.

तेव्हा चौथी तयारी गावाची. छावणी कुठल्या शाळेत होणार? तिथं बायकांना वेगळा संडास, आतून कडी, दिवा आहे का? नदीला लागून असलेल्या खालच्या वस्तीला निरोप सगळ्यांत आधी जातो, की सगळ्यांत शेवटी? हे प्रश्न येत्या ग्रामसभेत विचारायचे. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७. तो पाठ करा.

आज घरी जाताना एकच काम घेऊन जा. रात्री जेवणं झाली की घरात विचारा, "पाणी किती फुटांवर आलं की आपण निघायचं?" कुणी म्हणेल, "तुला कशाला पंचायत?" तेव्हा सांगा, "सामान मी काढते, लेकरं मी उचलते, चिखल मी धुते. मग निघायचं कधी, हे ठरवण्यातही मी असणार." पुढच्या बैठकीला प्रत्येकीने तो आकडा सांगायचा आहे. गटाच्या रजिस्टरमध्ये आपण तो नावानिशी लिहून ठेवू.